दोन लखोटे

"शैला, वाच की मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाऊ दे," माई म्हणाल्या.

तुळशीचं लग्न नुकतंच लागलं होतं. अंगणात गल्लीतल्या वीसेक बायका चुरमुरे-बत्तासे हातात घेऊन उभ्या होत्या. माझ्या नणंदबाई, शैलावन्सं, लग्नासाठी म्हणून माहेरी आल्या होत्या. त्यांनी लॅबचा कागद उजेडात धरला आणि एकेक ओळ वाचली. इंग्रजी नावांना अडखळल्या, पण ओळीच्या शेवटचा शब्द मात्र दर वेळी ठणठणीत. निगेटिव्ह. निगेटिव्ह. निगेटिव्ह.

"म्हणजे काय गं?" शेजारच्या कमळाबाईंनी विचारलं.

"म्हणजे आमच्या सूनबाईंना काहीसुद्धा झालेलं नाही," माई म्हणाल्या. "बारा वर्षं माझ्या पोळीनं हिचं पोट फुगतंय, डोकं जड होतंय, सांधे धरतायत. आणि रक्त म्हणतंय, सगळं सोंग!"

बायका हसल्या. तोंडावर पदर घेऊन नाही, चांगल्या खदाखदा हसल्या. मी आरतीचं ताट घेऊन उभी होते. शैलावन्संनी कागदाची घडी घालून माझ्या ताटात निरांजनाशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "घे हेमा, जपून ठेव. सर्टिफिकेट आहे."

कशाला खोटं बोलू? त्याच घटकेला मी माईंवर डूख धरला.

माई म्हणजे माझ्या सासूबाई, द्वारकाबाई. बार्शीत त्यांच्या पोळ्यांना नाव होतं. तिशीत नवरा गेला, पदरात दोन पोरं, तेव्हा या बाईनं चुलीपुढं बसून घडीच्या पोळ्या लाटायला घेतल्या आणि त्यावर घर उभं केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा सहा बायका हाताखाली होत्या आणि लग्नसराईत दिवसाला हजार पोळी निघायची. सातवी मी. दिवसभर पीठ मळायचं, पीठ श्वासात घ्यायचं आणि दुपारी तीच पोळी खायची. खाल्ली की दोन तासांत पोट असं टम्म व्हायचं की कमळाबाईंनी एकदा कौतुकानं विचारलं, "कितवा गं?" तोंड यायचं. डोकं इतकं बधिर व्हायचं की मोजलेल्या पोळ्या परत मोजायला लागायच्या. त्यावर माई म्हणायच्या, "लाटता येईना, पीठ वाकडं!" आणि बाहेर कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही, अशी ताकीद. "हलवायाच्या सुनेला साखर बाधते म्हटल्यावर पेढे कोण घेईल?"

त्या वर्षी मी चातुर्मासात गहू सोडायचा नेम धरला होता. देवासाठी नाही, पोटासाठी. पण देवाचं नाव घेतलं की घरात कुणी अडवत नाही. चार महिने ज्वारीची भाकरी खाल्ली आणि बाई गं, मी माणसात आले! पोट खाली बसलं, बोटांची सूज गेली, डोकं लख्ख. मी आपण होऊन आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना सांगायला गेले. त्यांनी गव्हाची कसली तरी रक्ततपासणी असते म्हणून चिठ्ठी दिली. नेम सुटायच्या आठवड्यात रक्त दिलं आणि नेमका तुळशीच्या लग्नादिवशी तो कागद आला.

तो कागद घेऊन मी सोलापूरला पोटाच्या डॉक्टर बिराजदार बाईंकडं गेले. माहेरी जाते म्हणून सांगितलं होतं. बाईंनी कागद बघितला, मला वर-खाली बघितलं.

"हे रक्त दिलं तेव्हा गहू खात होता?"

"नाही हो. चातुर्मास होता ना."

बाईंनी कपाळावर हातच मारला. "अहो, गहू पोटात गेला तर शरीर त्याच्याशी भांडणार, आणि भांडलं तर रक्तात त्याच्या खुणा राहणार. अँटिबॉडी म्हणतात त्यांना. तुम्ही चार महिने गहूच खाल्ला नाही, तर त्या सापडणार कुठून? विस्तव विझल्यावर धूर शोधायला गेलात तुम्ही!"

"म्हणजे मी सोंग करत नव्हते?"

"ते आत्ता सांगता येणार नाही. तपासणीच चुकलीय. रोज गहू खायचा, आठ आठवडे, पोटभर. मग परत रक्त बघू. पण त्रास होईल. झेपेल?"

"झेपेल," मी म्हटलं. बाईंना वाटलं मी बरं होण्यासाठी म्हणतेय.

मग मी पोळ्या खाल्ल्या. सकाळी दोन, दुपारी तीन, परत दोन. माई समोर बसलेल्या असल्या की मुद्दाम एक जास्त. "बघितलंस? कागद आल्याबरोबर रोग पळाला!" त्या येईल त्याला सांगायच्या. मी हसायचे आणि मोरीत जाऊन ओकायचे. संक्रांतीला गुळाच्या पोळ्या खाल्ल्या त्या रात्री गुडघे असे धरले की सकाळी भिंतीला धरून उठले. यजमान म्हणायचे, "कशाला जिवाचे हाल करून घेतेस?" मी म्हणायचे, "तुमच्या आईचं तोंड बंद करायला." की हे पेपर वर करून तोंड झाकून घ्यायचे. आई आणि बायको यांच्यामध्ये यांनी आयुष्यभर पेपरच धरला.

आठ आठवडे झाले आणि मी घरात उघड सांगितलं, "परत रक्त द्यायला सोलापूरला जातेय."

माईंनी लाटणं खाली ठेवलं. "मीपण येते. रक्त तुझंच घेतात का, बघते."

आल्या. एस.टी.त खिडकीशी बसून आल्या. बाईंच्या दवाखान्यात नर्सनं माझ्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा माई अगदी जवळ उभ्या. नळी भरली आणि माईंनी आपलाही पदर सावरून हात पुढं केला.

"माझंही घ्या."

"तुमचं कशाला आजी?" बिराजदार बाई हसल्या.

"पासष्ट वर्षं गहू खातेय. माझं रक्त आणि हिचं रक्त सारखंच निघणार. मग सोंग कसं उघडं पडत नाही ते बघू. घ्या, घ्या. घाबरत नाही मी."

बाई नको म्हणणार होत्या. पण त्यांनी माईंच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली, नखं बघितली आणि हसायच्या थांबल्या. "रक्त कमी दिसतंय तुमचं. कंबर दुखते?"

"कामाच्या बाईची कंबर दुखणारच."

"घे गं, आजींचंही घे," बाई नर्सला म्हणाल्या.

आठवड्यानं रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले. माईंना वाण्यांच्या लग्नाची ऑर्डर होती. बाईंनी टेबलावर दोन लखोटे ठेवले. आधी माझा उघडला.

"सीलिअ‍ॅक नावाचा आजार असतो, गव्हानं आतडं खराब होतं. तो तुम्हाला नाही. गव्हाची अ‍ॅलर्जी पण नाही. पण गव्हातल्या प्रथिनाविरुद्धची ही अँटिबॉडी बघा, बरीच वाढलेली आहे. ही एकटी काही पुरावा होत नाही, धडधाकट माणसातही कधी कधी सापडते. तुमच्या त्रासावर बोट ठेवणारी पक्की तपासणी अजून कुणाकडं नाही. पण गहू सोडला की बरं वाटतं, खाल्ला की त्रास होतो, बाकीचे आजार नाहीत आणि वर ही अँटिबॉडी. या सगळ्याची गोळाबेरीज करून मी लिहून देते. तुम्हाला गहू सोसत नाही. सोंग नाही, आजार आहे."

मी रडले. बाईंच्या टेबलावर डोकं टेकून रडले. त्यांनी रडू दिलं आणि मग दुसरा लखोटा उघडला.

"आता आजींचं. तुमच्यात नाही तो सीलिअ‍ॅक आजींना असावा. हा आकडा वीसच्या आत हवा, त्यांचा शंभराच्या वर आहे. पोट दुखत नसलं तरी आतडं आतून झिजत असणार. म्हणून रक्त कमी, म्हणून कंबर. हाडं ठिसूळ होतात यात. दुर्बीण घालून खात्री करायची आणि मग आयुष्यभर गहू बंद. पण ऐका, तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर तुमच्यासारखंच होईल. पंधरा दिवसांत घेऊन या."

"आणते," मी म्हटलं.

सोलापूरच्या स्टँडवर बार्शीची गाडी लागायला अर्धा तास होता. मी बाकावर बसले आणि दोन्ही लखोटे मांडीवर ठेवले. आणि मला हसू फुटलं. शेजारची बाई सरकून बसली. माझ्या डोळ्यांपुढं तुळशीचं अंगण होतं, त्या वीस बायका होत्या, ताटात ठेवलेला तो कागद होता. गाडी लागली तेव्हा माझा लखोटा मी पर्समध्ये ठेवला. माईंचा पिशवीच्या तळाशी, कापडाखाली सरकवला.

घरी आल्यावर माझा रिपोर्ट यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "वाचा मोठ्यानं." यांनी वाचला, बाईंनी मराठीत लिहिलेली ओळही वाचली. माई ऐकत होत्या.

"आणि माझं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं काय माई! नॉर्मल. तुम्हाला काय धाड भरलीय?"

मला वाटलं होतं आदळआपट करतील, लॅबला शिव्या घालतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर माई परातीत ज्वारीचं पीठ घेऊन बसलेल्या. शेजारी नवा कोरा तवा.

"हा तुझा तवा," त्या म्हणाल्या. "याला गव्हाचा हात लावायचा नाही, मी सगळ्यांना सांगितलंय. तू आता लाटायचं पण बंद. पीठ उडतं ते नाकात जातं. तू ऑर्डरी बघ, घरातल्या चार पोळ्या तोंडाला फडकं बांधून कर."

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी ठीक. पण हळदीकुंकवाला त्याच वीस बायका आल्या तेव्हा माई मध्ये उभ्या राहिल्या. "तुळशीच्या लग्नाला मी हिला सोंगाडी म्हटलं. चूक माझी होती. हिला खरंच आजार आहे. बारा वर्षं मी हिला नाही नाही ते बोलले." आणि सगळ्यांदेखत मला हात जोडले. माईंनी! शैलावन्संना फोन करून पण सांगितलं.

तुम्ही म्हणाल, भागलं. माझं नाही भागलं. बारा वर्षं दोन वाक्यांत फिटतात होय? उलट मला आणखी राग आला. हात जोडून मोकळी झाली बाई, वर गल्लीत मोठेपणा मिळाला. कमळाबाई मलाच म्हणाल्या, "सासू असावी तर अशी!"

तर रोज दुपारी असं चालायचं. माई माझ्यासाठी भाकरी थापायच्या, पातळ, पापुद्रा सुटलेली, आणि गरम गरम माझ्या ताटात टाकायच्या. आणि मी त्यांना पोळी वाढायचे. तीन पदरी, वर तूप. "अजून एक घ्या माई, दिवसभर उभ्या असता." त्या घ्यायच्या. माझ्याकडं बघून हसायच्या पण. मी पण हसायचे. पंधरा दिवस होईपर्यंत मी मनाशी म्हणत होते, डॉक्टरांनीच गहू बंद करू नका म्हणून सांगितलंय. सोळाव्या दिवसापासून काहीच म्हणायची गरज वाटेनाशी झाली.

मार्चमध्ये त्यांचे केस मूठमूठ गळायला लागले. एप्रिलमध्ये जिना चढताना मध्येच बसायच्या. "वय झालं गं," म्हणायच्या. मे महिन्यात एकदा पोळी लाटता लाटता हात सुटला, लाटणं खाली पडलं आणि त्या भिंतीला टेकून पांढऱ्याफटक बसल्या. यांनी डॉक्टरांकडं नेऊ या म्हटलं. मी म्हटलं, "उन्हाचं होतं. लिंबू-सरबत देते." माझ्या जिभेला हाड नव्हतं. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात ना, मी माझे चार दिवस मोजून घेत होते.

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. जूनमध्ये एका दुपारी माजघरातला फोन वाजला. मी तव्यावर पोळी टाकली होती. माईंनी उचलला.

"हो, मीच द्वारकाबाई… कोण, सोलापूरहून?… कसली दुर्बीण?… फेब्रुवारीत?… सुनेला सांगितलं होतं?… हो. हो. येऊ आम्ही."

फोन ठेवला. दारात येऊन उभ्या राहिल्या. तव्यावरची पोळी फुगून करपायला लागली होती. मी उलटली नाही.

"रिपोर्ट आण," त्या म्हणाल्या.

मी माझ्या ट्रंकेतून लखोटा आणून दिला. त्यांनी तो उघडला, तसाच परत माझ्या हातात दिला. चष्मा नव्हता.

"तारीख वाच."

"सतरा फेब्रुवारी."

"आज काय?"

"एकवीस जून."

त्यांनी गॅस बंद केला. मग पाट ओढून बसल्या. मला वाटलं, आता तोंड सुटेल. सुटू दे, मी तयारच होते, बारा वर्षांचं सगळं पाठ होतं मला. पण त्यांनी अगदी हळू विचारलं, "हेमा, मला वाढताना तुझा हात कधी अडला का गं?"

"नाही," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं. आणि मग तोंडातून निघून गेलंच, "तुमचा अडला होता? बारा वर्षांत एकदा तरी?"

"नाही अडला," त्या म्हणाल्या. "पण मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

एवढंच. मला त्यांचा तो शांतपणा सहन होईना. शिव्या द्या, केस ओढा, काढा घराबाहेर, असं ओरडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात हे जेवायला आले. मी ओट्याला धरून उभी. आता सांगणार, आता सांगणार.

"दिगंबर," माई म्हणाल्या, "सोलापूरहून फोन आला होता. माझ्याही रक्तात निघालंय. मलापण गहू बंद होणार. परवा तपासायला जायचंय."

"अरेच्चा! तुलापण?" हे म्हणाले. "मग एवढे दिवस कसं कळलं नाही?"

माईंनी माझ्याकडं बघितलं. "आत्ता कळलं," त्या म्हणाल्या.

त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. लेकाला नाही, लेकीला नाही. दुर्बिणीनं खात्री झाली. आतडं पार सपाट झालेलं, हाडांची तर चाळण. बिराजदार बाईंनी माझ्याकडं एकदाच बघितलं आणि मी खाली बघितलं. माई तिथंही बोलल्या नाहीत. त्यांनी पोळ्यांचा धंदा हाताखालच्या बायकांना देऊन टाकला. घरातून गहू गेला. आता दोघींची मिळून भाकरी, आणि ती मी थापायची.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढं ताट ठेवलं. भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. हे शेजारीच बसले होते. माईंनी भाकरीचा तुकडा मोडला, भरीत लावलं आणि तो घास माझ्या तोंडाशी धरला.

"घे."

"मी नंतर जेवते माई."

"आधी तू."

त्यांनी घास तसाच पुढं धरून ठेवला. मी घास घेतला, चावला, गिळला. त्या माझ्या गळ्याकडं बघत होत्या. घास खाली उतरला तेव्हा त्यांनी दुसरा तुकडा मोडून आपल्या तोंडात घातला. हे हसले. "काय लाड चाललेत सुनेचे!"

अकरा वर्षं. सणाला, वाराला, पाहुण्यांत, लग्नाच्या पंगतीत माझ्या हातचं काहीही पुढ्यात आलं की पहिला घास माझा. दुसऱ्या कुणी वाढलं तर मुकाट खायच्या. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, कधी टोमणा मारला नाही. गल्लीत आमची उदाहरणं द्यायचे लोक. कमळाबाई आपल्या सुनेला म्हणायच्या, "द्वारकाबाई बघ, सुनेला भरवल्याशिवाय अन्नाला शिवत नाहीत." मी हसून मान हलवायचे. दुसरं काय करणार? एकदा, पाचव्या-सहाव्या वर्षी, स्वयंपाकघरात दोघीच असताना मी त्यांचे पाय धरले. "माई, बास झालं आता. चुकले मी." त्यांनी मला उठवलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मी कुठं काय बोलतेय तुला?" आणि घास पुढं केला.

शेवटच्या आठवड्यात त्यांचं बोलणं बंद झालं. शैलावन्सं येऊन राहिल्या होत्या. मी तांदळाची पेज करून आणली. वन्संनी वाटी माझ्या हातातून घेतली, चमचा माईंच्या ओठांना लावला. ओठ घट्ट मिटलेले. "आई, घे ना गं. हेमानं केलीय." ओठ आणखी मिटले. मग माईंनी चादरीवरचं एक बोट उचललं आणि माझ्याकडं केलं.

"बघ बाई," वन्संच्या डोळ्यांत पाणीच आलं. "असल्या अवस्थेत पण हिला तुझीच काळजी. घे, तू आधी घे."

मी चमचा घेतला, पेज प्यायले आणि तोंड उघडून दाखवलं. मग माईंनी तोंड उघडलं.